सहाणेतलं पाणी

"अम्मी, लिहायला एवढं सगळं असताना हेच का?" या प्रकरणाची पहिली पानं वाचून माझी सून म्हणाली. तिचंही बरोबर आहे. आयुष्यभर मी शाळेत मराठी शिकवलं, किती तरी थोरामोठ्यांच्या आठवणी पोरांना वाचून दाखवल्या. त्या सगळ्यांत आईच्या हातची भाकरी असते, तिचा खरपूस वास असतो, वर आलेला पापुद्रा असतो. पण खाल्लेली भाकरी पुढं कुठं जाते हे कुणी लिहीत नाही, कारण सगळ्यांची ती नीट जात असते. माझी जात नव्हती. तुझं लहानपण कसं होतं असं कुणी विचारलं, तर मला आधी पोट आठवतं, मग घर, मग माणसं. हे वाचून ज्याला नाक मुरडायचं असेल त्यानं खुशाल मुरडावं. मी त्याच वासात वाढले आहे.

मुरुमला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. आम्ही पिंजारी. पुढच्या खोलीत आढ्याला दोरीनं टांगलेली अब्बांची कमान असायची आणि तिच्याखाली कापसाचा ढीग. कमानीला जी ताणलेली दोरी असते तिला तात म्हणतात, आणि ती बकऱ्याच्या आतड्याची असते. लाकडी ठोकळ्यानं अब्बा ती तात छेडायचे, ती थरथरायची, आणि त्या थरथरण्यानं कापसाच्या गाठी सुटून हलका पिंजलेला कापूस भिंतीशी जाऊन पडायचा. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, त्याच आवाजात दुपारची झोपले, आणि तो थांबला की मला जाग यायची. कापूस तर कुठं नव्हता? अब्बांच्या दाढीत, भुवयांत, माझ्या वेणीत, कालवणाच्या वाटीत. आमच्या शेजारच्या गंगूमावशी अम्माच्या जिवाभावाच्या. त्या चूल विझल्यावर पदराला हात पुसत यायच्या आणि वाटीत डोकावून म्हणायच्या, "तुमच्यात आमटीला बी थंडी वाजतीय व्हय गं, दुलई पांघरून बसलीय ती?" अम्मा हसून लाल व्हायची. घरात आम्ही दखनी उर्दू बोलायचो, पण इथं मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते. अम्मा गंगूमावशींशी जे मराठी बोलायची, तेच.

आता माझ्या पोटाविषयी. मला रोजच्या रोज परसाकडं होत नसे. आठ-आठ दिवस काही नाही, पोट फुगत जाऊन फ्रॉक पुढून वर उचललेला, हातपाय मात्र काड्या. शाळेतली पोरं मला नगारा म्हणायची. मग एक दिवस कळ यायची, ताप चढायचा, आणि घाण वासाचं नुसतं पाणी व्हायचं, आवरता न येणारं. हे पाणी सगळ्यांना दिसायचं. आधीचे कोरडे दिवस कुणी मोजत नव्हतं, कारण लेकरू गेलं की नाही गेलं हे घरात कोण विचारत बसतंय. जे दिसलं त्यालाच आजार म्हणायचं, आणि दिसत होती ती हगवण. म्हणून औषधही हगवणीचं.

ते औषध अम्माचं. तिच्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली म्हणायची. एक काळी सहाण होती तिची, तिच्या आईनं लग्नात दिलेली, उगाळून उगाळून मध्ये चांगला खळगा पडलेली. तिच्यावर ती चार थेंब पाण्यात जायफळ उगाळायची, थोडी सुंठ, आणि बोटानं चाटवायची. वर डाळिंबाच्या सालीचा काढा. खायला मऊ भात आणि दही. हिंदू-मुसलमान सगळ्या घरच्या बाया पोटं बिघडलेली लेकरं काखेला मारून आमच्या उंबऱ्याशी यायच्या, आणि बहुतेक लेकरं बरी पण व्हायची. त्यामुळं अम्माच्या चालण्यात एक ऐट होती, ती मला फार आवडायची. तिचा एक नियम होता, आणि तो तिच्या एकटीचा नव्हता, त्या काळी घरोघर होता: जुलाब होणाऱ्या लेकराचं पाणी बंद. पाणी दिलं की पोट आणखी सुटतं. मी तापानं फणफणलेली असायचे आणि कोपऱ्यातला माठ झिरपत असायचा. त्याच्या बुडाशी थेंब जमायचा, मोठा व्हायचा, खालच्या मातीत पडायचा. मी त्याच्याकडं बघत राहायचे. आज कुणी नळ गळका ठेवला की मी घरात भांडण काढते, ते पाण्याच्या काळजीनं नव्हे.

माझ्या आधी अम्माला एक मुलगा झाला होता. रफिक. मी त्याला पाहिलं नाही, तो चालायला-बोलायला लागून गेला आणि मी नंतर आले. त्याचा फोटो नव्हता, कपडा नव्हता, पण त्याची गोष्ट होती, आणि ती अम्मा बायांना सांगायची, विशेषतः कुणाचं लेकरू फार आजारी असलं की. त्याचं पोट कसं फुगलं होतं, मग कशी हगवण लागली, आणि आपण काय काय केलं. "डोळ्याला डोळा लावला न्हाय म्या. जायफळ दिलं, साल दिली, काय बी करायचं ठेवलं न्हाय. पाणी मागायचा. दिलं न्हाय. ह्यांच्या कापसाचा बोळा भिजवून व्हटाला लावायची, तेवढंच. बोळा चोखायचा माझा राजा." मग ती वर हात करून म्हणायची, "अल्लाची अमानत, अल्लानं नेली." रडायची, पण त्या रडण्याला एक तळ होता. आपलं काही चुकलं नाही, करायचं ते सगळं केलं, या भरवशावर ती उभी होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मी तिसरी-चौथीत असेन. लग्नसराईच्या आधीचे दिवस होते आणि अब्बा कमान खांद्यावर टाकून माकणीला गेले होते. एका घरच्या लग्नाच्या गाद्या-रजया तिथंच राहून भरून द्यायच्या होत्या. इकडं माझं पोट असं चढलं की मला आडवं होता येईना. मग पाणी सुटलं, त्यात रक्ताची तार. अम्मानं सहाण काढली. गंगूमावशी आल्या, त्यांनी माझे डोळे बघितले, खोल गेलेले, आणि म्हणाल्या, "आगं, ही लई वंगाळ दिसायलीय. हिच्या बापाला सांगावा धाड." अम्मा म्हणाली, "नक्को. म्या बघते. उतरंल." पण मावशींनी ऐकलं नाही, माकणीकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीवर निरोप पाठवलाच. दुपार कलायच्या आत अब्बा दारात उभे राहिले, अंगावर तसाच कापूस. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि मग अम्माकडं बघितलं. अम्माच्या बोटाला जायफळ होतं.

"उमरग्याला नेतो हिला," ते म्हणाले.

"दवाखान्यात सुया टोचतेत नुसत्या. माझ्या हातानं बरी व्हती की ती दरवेळी."

"दरवेळी व्हती. रफिक बी दरवेळी बरा व्हायचा."

एवढंच बोलले. मी त्यांना रफिकचं नाव घेताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. नव्या रजईसाठी पिंजून ठेवलेल्या कापसात मला गुंडाळून त्यांनी एस.टी.त घातलं, आणि अम्मा धावत मागून आली, चपला न घालता.

उमरग्याच्या डॉक्टरांनी माझं पोट दाबून, टिचक्या मारून बघितलं. बाटलीनं शिरेतून पाणी चढवलं. पाणी नसानसांतून गेलं तरी घशाला लागत नाही याचं मला रडू आलं. पण दोन दिवसांत ताप उतरला. मग ते अब्बांना म्हणाले, "ही हगवण न्हाय. आत काहीतरी अडलंय. सोलापूरला जाऊन पोटाचा फोटो काढा, औषध घालून काढतात तो." अम्माला ते पटलं नाही. एवढं पाणी वाहतंय आणि अडलंय म्हणे. सोलापूरच्या बसमध्ये ती वाटभर तेच बोलत होती. मला खिडकीतून कुठल्या तरी साखर कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर दिसला, आणि मला ऊस पाहिजे असं मी म्हटलं, आणि अम्मानं माझ्या तोंडावर पदर धरला. हे मला का आठवतं कोण जाणे.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात फोटोची खोली अंधारी आणि गार होती. उघड्या टेबलावर मला कुशीवर झोपवलं. एक पातळ रबरी नळी, आणि तिच्यातून चुन्याच्या निवळीसारखं पांढरं औषध खालून आत. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. अब्बा दाराबाहेर होते हेच बरं. फोटो काढणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, तरुण, चष्म्याच्या. त्या काचेमागून सांगायच्या, "श्वास रोख. हलू नको. शाब्बास. आता डाव्या कुशीवर." अम्माला त्यांनी शिशाचा जाड झगा घालून माझ्याजवळ उभं राहू दिलं होतं. अम्मानं माझा हात धरला होता, आणि तिच्या बोटांना जायफळाचा वास येत होता. आज मला घरात कुणी बासुंदीत जायफळ घातलेलं चालत नाही, आणि पोरं म्हणतात अम्मीचे नखरे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून एक फोटो काढला. मग बाईंनी दोघांना आत घेतलं. मी अब्बांच्या खांद्यावर होते. दिव्याच्या काचेवर त्यांनी माझे फोटो लावले आणि मी पहिल्यांदा स्वतःला आतून बघितलं. कमरेची हाडं मला ओळखू आली. त्यांच्यामध्ये पांढरी बारीक वाट खालून वर जात होती, करंगळीएवढी, आणि मग एकाएकी रुंद होत होत एवढी मोठी झाली होती की वरची सगळी काच पांढरी दिसत होती.

"हे काल घातलेलं औषध," बाई म्हणाल्या. "आज पण तिथंच आहे, बाहेर पडलंच नाही. आतडं स्वतःच्या नेटानं मळ पुढं ढकलत असतं. हिच्या या खालच्या तुकड्यात तो नेट लावणाऱ्या नसाच नाहीत, असं फोटोवरून वाटतंय. जन्मापासून. म्हणून इथं येऊन सगळं थांबतं आणि वरचं आतडं फुगत जातं. मधूनमधून जे पाणी जातं ना, ते आत साठून सडल्यामुळं. ते जुलाब नव्हेत. आम्ही खालचा बारीक तुकडा तपासून खात्री करू, मग ऑपरेशन. होते बरी."

अब्बा काचेकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी तात हाय, पण तेवढ्या तुकड्यात वाजत न्हाय." बाईंना ते कळलं नाही. मला कळलं.

"घरी काय औषध देत होता?" बाईंनी विचारलं. अम्मानं सांगितलं, जायफळ, सुंठ, साल. बाई म्हणाल्या, "ते सगळं पोट बांधणारं. आधीच अडलेलं आणखी अडवायचं. आणि पाणी तर कधीच तोडायचं नाही." बोलणं रागाचं नव्हतं. त्या कागदावर लिहीत होत्या आणि लिहिता लिहिताच त्यांनी पुढचं विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं? एखाद्या भावंडाला?"

"न्हाय," अब्बा म्हणाले. इतक्या घाईनं म्हणाले की त्यांच्या खांद्याचा झटका मला लागला.

"व्हतं की," अम्मा म्हणाली. "आमच्या रफिकला. हिच्या आधीचा. असंच पोट, असंच पाणी." ती अजून सांगण्याच्या भरात होती, बायांना सांगायची तशीच. मग तिचा आवाज बारीक झाला. तिनं काचेकडं बघितलं. "बाई, त्याला बी हेच व्हतं का?"

"आता कसं सांगणार? पण भावंडांत असतं हे कधी कधी."

"त्याचा असा फोटो काढला असता तर दिसलं असतं?"

बाईंनी मान वर केली. त्यांना आता काय चाललंय ते उमगलं होतं, मला दिसलं ते. पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, किंवा तेवढ्यात काही सुचलं नसेल. "दिसलं असतं," त्या म्हणाल्या.

अम्मा रडली नाही. तिनं आपला उजवा हात वर घेऊन बघितला, दोन्ही बाजूंनी, आणि पदराखाली घेतला. "पाणी मागायचा," ती म्हणाली. "म्या दिलं न्हाय."

त्या बाईंचा मी कितीतरी वर्षं राग केला. एक शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं? आता माझं वय झालंय, आणि मला वाटतं, त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तरी अम्माला कळलंच असतं. ते काचेवर होतं.

माझी ऑपरेशनं झाली. आधी पोटाला बाजूनं वाट काढून दिली, काही महिन्यांनी खालचा मुका तुकडा काढून चांगलं आतडं ओढून जोडलं. मधल्या महिन्यांत पोटावरच्या त्या तोंडातून सगळं बाहेर यायचं, आणि आजच्यासारख्या पिशव्या आम्हाला कुठल्या? अब्बा रोज सकाळी कमानीखाली बसून माझ्यासाठी निराळा कापूस पिंजायचे, एक काडी, एक बी राहू द्यायचे नाहीत. अम्मा त्याची घडी करून, जुन्या मलमलीत घालून माझ्या पोटावर बांधायची. धुवायची, पुसायची, कधी नाक मुरडलं नाही. पण ती मला भरवीना. आधी माझ्या तोंडात घास द्यायची तिला हौस होती. आता ताट माझ्यापुढं सरकवायची आणि लांब जाऊन बसायची, आणि पाण्याचा तांब्या मात्र माझ्या डाव्या हाताशी, भरलेला, कायम. मी प्यायले की लगेच भरायची. बाया लेकरं घेऊन यायच्या तर दारातूनच म्हणायची, "दवाखान्यात न्या. पाणी पाजा." एकदा गंगूमावशी आपल्या नातवाला घेऊन बसूनच राहिल्या. "तुज्या हाताला गुण हाय गं. माजं ऐक." अम्मा त्यांच्यावर ओरडली. "गुण न्हाय माझ्या हाताला! न्हाय म्हणते ना!" गंगूमावशींशी ती तशी कधी बोलली नव्हती. मावशी उठून गेल्या, आणि संध्याकाळी पुन्हा आल्या, आमटीची वाटी घेऊन. अम्मा त्यांच्या गळ्यात पडून रडली, रफिक गेल्यावर रडली नसेल इतकी. मला ते बघवलं नाही. माझं पोट बरं होत चाललं होतं आणि त्याचीच मला शरम वाटत होती.

एका शुक्रवारी तिनं सहाण धुतली. विसळून विसळून, घासून घासून धुतली, वास जाईपर्यंत. मग अब्बांपुढं ठेवली आणि म्हणाली, "ही त्याच्यापाशी ठेवून या." आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. रफिकच्या कबरीवर दगड नव्हता, लहान लेकराच्या कबरीवर कोण बांधकाम करतंय. नुसता मातीचा उंचवटा, तोही बसत आलेला. अब्बांनी सहाण पिशवीत घातली आणि गेले. तिथं कुणीतरी हरकत घेतली म्हणे, हे काय ठेवताय. अब्बा म्हणाले, "खळग्यात पाणी राहील. पाखरं पितील." उशाशी सहाण पुरून, खळगा पाण्यानं भरून ते आले, आणि अम्मानं विचारलं, "दिलं?" अब्बा म्हणाले, "दिलं." पुढं दर शुक्रवारी नमाज झाली की हेच. उन्हाळ्यात मधल्या दिवशीही. दोघांमध्ये त्याविषयी या दोन शब्दांपलीकडं बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

पुढं कापूस पिंजायचं मशीन आलं, कमान माळ्यावर गेली, अब्बा गेले. त्यांच्यामागं पाण्याचं काम माझ्या मुलाकडं आलं; आम्ही उमरग्याला राहायचो, तिथून तो दर शुक्रवारी मुरुमला जायचा. त्याच्या जन्माच्या वेळी मी डॉक्टरांना धरून बसले होते, पोट तपासा, गरज पडली तर फोटो काढा. तो धडधाकट निघाला. त्याला पाळण्यात बघायला अम्मा आली तेव्हा दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, "घे की गं त्याला." "पाणी पाजतीस ना?" तिनं विचारलं. तेवढ्या लहान लेकराला वरचं पाणी देत नाहीत, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिला पटलं नसावं.

शेवटच्या आजारात अम्मा माझ्याकडं उमरग्याला नव्हती, मुरुमच्याच घरी होती, तिथून हलायला तयार नव्हती. मी रजा काढून गेले. तिनं खाणं सोडलं, मग पाणीही सोडलं. चमचा ओठाला लावला की दात आवळायची. मी चिडले, विनवण्या केल्या, शाळेतल्या पोरांवर ओरडते तशी ओरडले. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "त्याला दिलंस?"

शुक्रवार होता. माझा मुलगा कामासाठी सोलापूरला गेला होता, आणि कडक ऊन होतं. मी तांब्या भरून घेतला आणि स्वतः निघाले. कब्रस्तानाच्या फाटकात बसलेल्या म्हाताऱ्यानं हात वर केला, काहीतरी म्हणाला. मी थांबले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावापाशी गेले. उंचवटा आता राहिला नव्हता, सहाणेवरूनच ओळखलं. खळगा कोरडा होता, तळाशी एक पीस. मी ते काढलं आणि तांब्या ओतला, खळगा भरून पाणी कडेनं मातीत गेलं तरी ओतत राहिले.

परत आले तर गंगूमावशींची सून अम्माच्या उशाशी बसली होती. मी अम्माच्या कानाशी वाकून म्हटलं, "दिलं, अम्मा. पोटभर दिलं," आणि चमचा तिच्या ओठाला लावला.

मग तिनं तोंड उघडलं.